मुलांचे वाचन आणि प्रत्यक्ष दर्शन
(पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या सभेत बोलावयाचे म्हणजे होऊन गेलेल्या वर्षांचा गौरव करावयाचा, असा परिपाठ आहे. तो गौरव मजपेक्षा अधिकारी अशा वक्त्यांनी आज केलाच आहे; त्यात भर घालण्याजोगे मजपाशी काही नाही. समितीने मला ‘मुलांचे वाचन’ हा विषय दिला. विषय सोपा दिसला म्हणून मी तत्काळ होकार दिला. परंतु घरी जाऊन टिपण करावयास बसलो तेव्हा ध्यानात आले, की ह्या विषयावर मला खरोखर जे सांगावयाचे आहे ते माझ्या यशाचे नसून माझ्या चुकीचे आहे. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षकाचे काम केले. त्यांपैकी पहिली दहाबारा वर्षे आपण मुलांस वाचावयास शिकवितो, अशी माझी समजूत होती. वस्तुतः मी त्यांस केवळ उच्चार करावयास शिकवीत होतो.

हे मला कसे कळून आले ते सांगतो. एका शनिवारी धर्मशिक्षणाच्या तासाला प्रभूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला चालला होता. वाटेवर सांडलेले बी पाखरांनी टिपले, खडकाळीतले उगवून करपले, काट्यांतले खुंटले आणि चांगल्या जमिनीतले बहरले, हा त्याचा आशय आपणा सर्वांस ठाऊक आहे. मुलांनी तो घडाघडा वाचून दाखविला, आणि मी अर्थाकडे वळणार तोच नारायणगावाकडील एक मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, ह्या माणसाला पेरता येत नव्हते का? वाटेवर बी कशाला टाकले त्याने?” वर्ग हसला. मला राग आला. धर्मशिक्षणाच्या तासाला असले वाकडे प्रश्न विचारू नयेत असे सांगून मी त्यास खाली बसविले.

प्रश्न वाकडा नव्हता. त्या मुलाचा बाप पाभरीने पेरीत असे. पाभर चालत असता चाड्यावर मूठ धरलेली असते, दाणा नळ्यांतून उतरून थेट तासात पडतो, आणि वाटेवर किंवा खडकावर कोणी पाभर धरीत नाही. तेव्हा त्या मुलाने जी पेरणी डोळ्यांनी पाहिली होती तिच्याशी पुस्तकातील पेरणी जुळेना. जे जुळत नाही ते जुळत नाही असे म्हणण्याइतका तो प्रामाणिक होता, एवढाच त्याचा अपराध. बाकीची एकोणचाळीस मुले गप्प बसली होती, ती त्यांस समजले होते म्हणून नव्हे. पुस्तकातील गोष्ट समजावयाची नसतेच, हे ती माझ्याकडून शिकली होती म्हणून.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक मुलगी उठली. ही पश्चिमेकडील, घाटमाथ्याजवळच्या एका वाडीवरून शिक्षणासाठी येऊन राहिलेली. अडखळत वाचणारी, जोडाक्षर आले की थांबणारी. आणि खरे सांगावयाचे तर मी तिला मनातून मंद ठरवून टाकले होते. ती म्हणाली, “गुरुजी, आमच्याकडे राबात भात हातानेच फोकतात. कडेचे दाणे वाटेवर पडतातच. मग आम्ही पोरे पाखरे हाकायला बसतो.”

आपणांपैकी पूर्वेकडील बागायती गावांच्या मंडळींकरिता सांगतो, की पश्चिम पट्ट्यात भाताची रोपे तयार करण्यासाठी जमिनीचा एक तुकडा पालापाचोळा, शेण व गवत पसरून उन्हाळ्यात भाजतात. त्यास राब म्हणतात. पावसाच्या तोंडी त्या राबात बी मुठीने फोकतात. आपल्या प्रभूच्या देशातील शेतकरीही असाच हाताने फोकून पेरीत असे. म्हणजे ज्या मुलीला त्या पानावरील शब्द धड वाचता येत नव्हते, तिलाच त्या पानाचा अर्थ ठाऊक होता. आणि ज्यांना शब्द येत होते त्यांना अर्थाची वाट सापडत नव्हती. मी तर दोघांनाही त्यांच्या त्यांच्या जागी बसवून ठेवले होते.

त्याच वर्षी जूनच्या आरंभी मी वर्गातील वीस मुलांना एस्. टी.ने तिच्या वाडीवर नेले. जाण्यापूर्वी तो दाखला पुन्हा वाचला. राबाच्या कडेला उभे राहून मुलांनी बी फोकताना पाहिले, काहींनी स्वतः मूठ भरून फोकले, आणि आपले दाणे बांधावर गेलेले पाहून तो नारायणगावचा मुलगा मोठ्याने म्हणाला, “पडले की वाटेवर!” परत आल्यावर तो दाखला तिसऱ्यांदा वाचला. त्या वेळी अर्थ सांगण्याची मला गरज पडली नाही. ती मुलगी पुढे एकाएकी उत्तम वाचू लागली, असे मी म्हणणार नाही. तसे काही घडले नाही. परंतु ती पहिल्या रांगेत येऊन बसू लागली, आणि तिच्या वाचनातील अडखळणे वर्षाअखेर बरेच कमी झाले.

प्रभूने उपदेश केला तो बहुतांशी उघड्यावर, सरोवराच्या काठी, डोंगराच्या उतारावर, शेतांच्या कडेने चालताना. मोहरीचा दाणा, जाळे, खमीर, अंजिराचे झाड हे सारे ऐकणाऱ्यांच्या हाताखालचे होते. आपण मात्र ती वचने चार भिंतींत आणून पाठ म्हणवून घेतो, आणि मुले रुक्ष झाली म्हणून कुरकुर करतो.

आता कोणी म्हणेल, की मग मुलांना सहलीस न्यावे म्हणजे झाले. तसे मात्र नव्हे, आणि येथेही माझीच चूक आपणापुढे ठेवितो. मी एका वर्षी साठ मुले घेऊन शिवनेरीवर गेलो होतो. सात दरवाजे चढून गेलो, शिवजन्माच्या वास्तूस वंदन केले, डबे खाल्ले, उतरलो. दुसऱ्या दिवशी निबंध लिहावयास सांगितला. साठ निबंधांत एकच मजकूर होता: पाठ्यपुस्तकातील पहिली चार वाक्ये, आणि शेवटी ‘खूप मजा आली’. मुले गड चढून आली होती. डोळे मात्र शाळेतच राहिले होते. वाचनावाचून केलेली सहल म्हणजे जत्रा, व तीही देवावाचूनची. आजकाल शाळांच्या बसगाड्या मुलांना पाण्याच्या घसरगुंड्यांवर नेतात व त्यास शैक्षणिक सहल असे नाव देतात. त्याविषयी मी अधिक बोलत नाही.

पुढच्या वर्षी मी पंधराच मुले नेली. आधी आठवडाभर आम्ही शिवनेरीविषयी जे मिळाले ते वाचले, आणि सर्वांनी मिळून एकच प्रश्न बरोबर घेतला: गडावर माणसे राहत होती, तर ती पाणी कोठले पीत? मग मुलांनी टाकी मोजली, गंगा-जमुना टाक्यांचे पाणी ओंजळीत घेतले, कातळात पाणी झिरपते कसे ते हात लावून पाहिले, पावसाचे पाणी कोणत्या उताराने कोठे येईल ह्यावर वाद घातला. परतल्यावर १६३० सालच्या फेब्रुवारीतील शिवजन्माचा तोच धडा पुन्हा वाचला, तेव्हा एका मुलाने विचारले, “जिजाऊसाहेब गडावर आल्या तेव्हा टाकी भरलेली असतील ना?” ज्या मुलाच्या मनात असा प्रश्न येतो तो वाचतो आहे असे समजावे.

तेव्हा मला जे सांगावयाचे आहे ते इतकेच, की आधी पुस्तक, मग पायवाट, मग पुन्हा तेच पुस्तक. ह्यांतील तिसरी पायरी आपण नेहमी गाळतो आणि तीच सर्वांत मोलाची आहे.

आपणास ह्या कामी परमेश्वराने जे क्षेत्र दिले आहे, तसे फार थोड्यांना लाभले असेल. नाणेघाटाचेच उदाहरण घ्या. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळी कोरलेले लेणे आहे, आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, दोन हजार वर्षांपूर्वीचा मोठा लेख आहे. हा लेख नागनिका राणीचा, असे सामान्यतः मानतात. त्यात यज्ञांची व त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण. गणिताच्या पुस्तकात ‘अंकांचा इतिहास’ म्हणून जे अर्धे पान असते व परीक्षेत न येणारे म्हणून जे आपण उलटून टाकतो, ते पान येथे कातळावर कोरलेले आहे. त्या अंकांत शून्य नाही. दहाचे चिन्ह निराळे, शंभराचे निराळे, हजाराचे निराळे. चारशे लिहावयाचे तर शंभराच्या चिन्हास चाराचे चिन्ह जोडावयाचे, दहा हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हास दहाचे.

मुलांना तेथे नेण्यापूर्वी ही चिन्हे कागदावर काढावयास द्यावी. आपापला हजेरीक्रमांक त्या लिपीत लिहू द्यावा. मग भिंतीपुढे उभे करावे. “सापडला! हा सतरा!” असे एखादे मूल ओरडते तेव्हा जो आनंद त्याच्या मुखावर दिसतो, तो मी बक्षीससमारंभातही पाहिलेला नाही. शून्यावाचून बेरीज कशी करीत असतील, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात, आणि त्यानंतर दशमान पद्धतीचा धडा शिकविणे म्हणजे तहानेल्यास पाणी देणे होय. तेथेच राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता नावे व पावलांचे काही अवशेष तेवढे उरले आहेत. बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकीत असे लोक सांगतात. ह्याच वाटेने कल्याण व सोपारे येथील बंदरांचा माल जुन्नरास चढत असे. सोपारे म्हणजे आपल्या वसईकर बंधूंच्या शेजारचे आजचे नालासोपारा. वसईहून येथे पाहुणे येतात तेव्हा मी त्यांस सांगतो, की आपले येणेजाणे फार जुने आहे.

जुन्नरच्या भोवती शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री व तुळजा येथे जी बौद्ध लेणी आहेत, त्यांतील शिलालेखांत यवन म्हणविणाऱ्या तिघा दात्यांची नावे आहेत: इरिल, चिट आणि चंद. एकाने पाण्याची दोन टाकी दिली, दुसऱ्याने भोजनमंडप दिला, तिसऱ्याने लेण्याच्या दर्शनी भागाचा खर्च केला. दूरदेशीचे म्हणून ओळखले जाणारे लोक ह्या मातीत येऊन राहिले, येथल्या धर्मसंघास त्यांनी दान दिले, आणि येथल्याच लिपीत व भाषेत आपली नावे कोरविली. आपण ख्रिस्ती लोकांच्या मुलांना कधी कधी शाळेत विचारतात, की तुम्ही मूळचे कोठले? अशा मुलाने मानमोडीच्या डोंगरावर जाऊन हे वाचावे असे मला वाटते. (देणगीदारांच्या पाट्या लावण्याची हौसही किती जुनी आहे, हे समितीच्या ध्यानात यावे म्हणूनही हा उल्लेख केला!)

बाकीच्या स्थळांचा मी केवळ नामनिर्देश करितो. खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. अशा अँटेना एकंदर ३०. त्यांतील १४ मधल्या चौकात व उरलेल्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप ह्यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे लोकांस प्रवेश असतो व शाळांची मुले आपली उपकरणे मांडतात. ती तबकडी भरीव नसून तारेची जाळी का, हा मुलांचा पहिला प्रश्न. जाण्यापूर्वी घरची चाळण आणून तीत रवा व हरभरे चाळून पाहावे. मग त्यांस कळते, की वीतभर किंवा त्याहून लांब असलेल्या लहरींना बोटाच्या पेराएवढी भोके असून नसल्यासारखीच आहेत, आणि वारा मात्र आरपार जातो. बोरी येथे कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची. तिचे वय काही विद्वान पंचाहत्तर हजार वर्षे मानतात, तर काही त्याच्या कितीतरी पट. विद्वानांचेही एकमत नसते, हे मुलांस लहानपणी कळलेले बरे. महाळुंगे पडवळ हे बाबू गेनू ह्यांचे गाव. मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झालेला तो गिरणीकामगार ह्याच मातीतला. भीमाशंकरच्या रानात शेकरू आहे. हिरडा तर आपल्या पश्चिमेकडील मुले आईबापांबरोबर स्वतः गोळा करितात, बाळहिरडा वाळवून विकतात. आणि त्याच मुलांना पुस्तकातील ‘त्रिफळा’ हा शब्द परका वाटतो! तो आपल्याच अंगणात वाळत पडला आहे, हे त्यांस कोणी सांगितलेले नसते.

ही काही माझी नवी कल्पना नव्हे. आपल्याच धर्मगुरूंनी ती आचरून दाखविली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्विस जेसुइट फादर एथेलबर्ट ब्लाटर (मृत्यू १९३४) ह्यांनी वनस्पतींचा जो संग्रह उभारला, तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच महाविद्यालयातील फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव ह्यांनी खंडाळ्याचे डोंगर पायांखाली घालून तेथील वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला, व पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. ग्रंथ उघडून रानात जाणारे व रानातून येऊन ग्रंथ दुरुस्त करणारे हे लोक होते. आणि लहान मुलांच्या शिक्षणात ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबादच्या टेकडीवर जे केले, त्यास तोड नाही. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत ना, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली व तिला कुरणशाळा म्हटले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले व खडे हीच त्यांची साधने. अनुताई ह्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. सरकारच्या २०२० सालच्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांकरिता दहा दिवस दप्तरावाचून असावेत असे म्हटले आहे. दहा दिवस थोडे असले तरी निमित्त म्हणून पुरेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यत्वे उभा राहिलो, तिच्याकडे येतो. ती सांगणे मला जड जाते.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आपल्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा उतरला. १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही, ही पहिली बातमी बाहेर आणली ती त्या वाटेने नेहमी जाणाऱ्या एस्. टी.च्या चालकाने. रोज पाहिलेली घरे आज दिसत नाहीत, हे त्याच्या डोळ्यांनी टिपले. ह्या सभेत असे लोक आहेत, की ज्यांच्या ओळखीची माणसे त्या ढिगाऱ्याखाली राहिली. त्यांची मी क्षमा मागून बोलतो.

त्या वर्षी आमच्या वर्गात ‘दरड कोसळणे’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात होता. अतिवृष्टी, वृक्षतोड, तीव्र उतार अशी त्याची कारणे मुलांना क्रमाने पाठ होती. परीक्षेत विचारली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. परंतु त्यांच्यापैकी अनेकांची घरे तशाच उतारांखाली होती, आणि आपल्या घरामागचा डोंगर तो हाच, हे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते. माझ्याही आले नव्हते. शब्द व वस्तू ह्यांच्या मधली जी फट मी पेरणाऱ्याच्या दाखल्यात पाहिली होती, तीच ही. परंतु तेथे ती फट हसण्यावारी गेली होती.

माळीण येथे मुलांना सहल म्हणून नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ती जागा प्रार्थनेची आहे. मुलांनी जावे ते आपापल्या गावामागच्या डोंगरावर, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पाऊस ओसरल्यावर, गावातील जाणत्या माणसास बरोबर घेऊन. जमिनीला नवी भेग पडली आहे काय, झाडे वा खांब एका अंगास कलले आहेत काय, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले आहे काय, पूर्वी नव्हता तेथे पाझर फुटला आहे काय, हे वहीत लिहावे व नकाशावर काढावे. ही दरडीची लक्षणे आहेत. पश्चिमेकडील आपले आदिवासी बांधव पडकईच्या रीतीने, एकमेकांच्या शेतावर अंगमेहनत करून, उतारावर भातखाचरे बांधीत आले आहेत. बांध कोठे घालावा व पाणी कोठून सोडावे हे त्यांस पुस्तकावाचून कळते. त्यांना गुरू करून मुलांनी तो धडा पुन्हा वाचावा. अशा वहीने दरड थांबणार नाही, हे मी जाणतो. परंतु मुसळधार पावसाच्या रात्री घरातील एखादे पोर म्हणेल, “बाबा, ती भेग रुंदावली आहे, आज खाली काकांकडे जाऊ,” तर तेवढ्यासाठी माझी तीस वर्षे खर्ची पडली असती तरी मला चालले असते.

आपणांपैकी कित्येकांच्या मनात बिबट्याची भीती आहे, हे मला ठाऊक आहे. ती खोटी नाही. उसाच्या फडांत बिबटे राहतात, पिले वाढवितात, आणि ह्या परिसरात मुले बळी पडली आहेत. म्हणून मुलांना घरात कोंडावे, हा उपाय मात्र चालणारा नाही. शाळेत जाणारी वाटसुद्धा उसाकडेनेच जाते. फेरी सकाळी उन्हे वर आल्यावर निघावी व दिवस मावळण्याच्या पुष्कळ आधी परत यावी. मुले घोळक्याने, बोलत चालावीत. लहानांना मध्ये ठेवावे, पुढे व मागे मोठे माणूस असावे. उसाच्या कडेस कोणी एकट्याने बसू नये. आणि ह्याही विषयावर आधी वाचावे. विद्या अत्रेय ह्या विदुषींनी आपल्याच जुन्नर भागात अभ्यास करून दाखविले, की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले कमी न होता उलट वाढतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. परवानगी काढून मोठ्या मुलांना तेथील जाणत्यांचे बोलणे ऐकवावे. गोष्टीतला वाघ आणि फडातला बिबट्या हे दोन निराळे प्राणी आहेत, हे ज्यास कळले ते मूल अधिक सावध राहते.

आता समितीस विनंती. ज्युबिलीच्या निधीतून देवळापुढे कमान उभारावी असा एक विचार चालू आहे असे ऐकतो. कमानीस माझा विरोध नाही. ती दगडाची असो वा सिमेंटची, मी तिच्याखालून आनंदाने जाईन. परंतु निधीचा एक लहानसा भाग, कमानीच्या एका खांबाएवढा म्हणा, पुस्तकांच्या एका पेटीसाठी काढून ठेवावा. पेटी लाकडी, दोघा मुलांना उचलता येण्याजोगी. तीत चाळीसेक पुस्तके: ‘किशोर’चे अंक, मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (हे मोठ्यांनी मुलांना वाचून दाखवावे), १९०३ साली निघू लागलेल्या आपल्या ‘निरोप्या’चे मिळतील ते जुने अंक, शुभवर्तमानाची मोठ्या टाइपातील प्रत. प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाआत एक चिठ्ठी चिकटवावी: हे पुस्तक वाचल्यावर कोठे जावे, तेथे काय पाहावे, आणि तेथील कोणत्या माणसास विचारावे. त्यात लेणी व किल्ले असावेत, तसे गुऱ्हाळही असावे, कुंभाराची भट्टी असावी, डिंभ्याच्या जलाशयावर जाळी टाकणारा कोळीही असावा. पेटी दर महिन्यास एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जावी. पेटीबरोबर एक कोरी वही. तीत मुलांनी पाहिलेले लिहावे. चुका दुरुस्त करण्याची घाई कोणी करू नये.

खर्चाची शंका काढली जाईल. एस्. टी.चे भाडे व भाकरी, ह्यापलीकडे खर्च नाही. अर्ध्या जागा तर पायी जाण्याच्या आहेत. मुलींना डोंगरावर कशास न्यावयाचे, असेही मला एका घरी विचारण्यात आले. त्या घरातील मुलगी रोज दोन हंडे डोक्यावर घेऊन तोच डोंगर उतरते, असे मी उत्तर दिले. त्यानंतर चहा मात्र मिळाला नाही. परीक्षेतील गुण कमी होतील काय, ह्याचे उत्तर मला छातीठोकपणे देता येत नाही. माझ्या वर्गात ते कमी झाले नाहीत, फारसे वाढलेही नाहीत.

पहिली फेरी नाणेघाटाची करावी असा विचार आहे. पाऊस थांबून वाट कोरडी झाली की कार्तिकातील एखाद्या रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर निघू. अंकांच्या चिन्हांचे कागद मी स्वतः हाताने काढून ठेवीन. पंधरा मुले पुरेत. त्यांत निम्म्या मुली असाव्यात, आणि पश्चिमेकडील वाड्यांवरची निदान पाच तरी असावीत, कारण वाट त्यांना ठाऊक आहे. बरोबर येण्यास चार मोठी माणसे हवी आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी आज जेवणानंतर पॅरिशच्या कचेरीत आपली नावे नोंदवावीत; वही मेजावर ठेविली आहे.